ताईच्या पातळ काचा

उस्मानपुऱ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. काचा घासून फ्रेममध्ये बसवण्यात हयात गेली आणि या धंद्यातलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी घमेंड होती. ती घमेंड माझ्या थोरल्या बहिणीला भोवली.

ताईचा नंबर लहानपणापासूनच मायनसमध्ये, मोठा. शाळेत पोरी तिला ‘बाटली’ म्हणायच्या. मायनसची काच मधे पातळ आणि कडेला जाड असते. तिच्या जुन्या काचांची कड जवळपास माझ्या करंगळीएवढी भरायची. नाकावर कायमचे वळ. उजेड काचेत शिरला की वाकतो, आणि कुठली काच त्याला किती वाकवते याचा एक आकडा असतो. आम्ही दुकानदार त्याला इंडेक्स म्हणतो. इंडेक्स जितका वरचा, तितकी त्याच नंबरची काच पातळ. सगळ्यात वरच्या इंडेक्सची काच मी मागवली, स्वतः घासली आणि ताईच्या डोळ्यांवर चढवली. आरशात बघून पंचावन्न वर्षांची बाई चक्क लाजली.

तिला चष्मा वर्षावासाआधी हवा होता. पावसाळ्याचे तीन महिने गारखेड्यातल्या आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, आणि वाचायचं काम कित्येक वर्षं ताईकडेच. पांढरी साडी, समोर ग्रंथ, ऐकायला सगळी गल्ली. याहून मोठं सुख तिला दुसरं मिळाल्याचं मला माहीत नाही.

आठवड्याभरात ती दुकानात आली. म्हणाली, उजवीकडे कडेला वीज चमकल्यासारखं होतं, काळे ठिपकेही तरंगतात. आता वरच्या इंडेक्सच्या काचेला एक खोड असते. उजेडाला जास्त वाकवताना ती त्यातले रंगही फोडते, म्हणून कडेनं बघितलं की रंगीत झालर दिसते. हे मला पाठ होतं, गिऱ्हाइकांना रोज सांगायचो. तिलाही तेच सांगितलं.

"काचेचंच हाय ताई. चार दिवसांत सवय होईल."

चष्मा काढल्यावरही चमकतं का, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. ठिपक्यांसाठी तिला काच पुसायचं कापड दिलं. ते आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

माझ्या शब्दाखातर तिनं सवय करून घेतली. एका संध्याकाळी वाचता वाचता उजव्या डोळ्यात काळी सावली चढत गेली, तेव्हा कुठं ती बोलली. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागचा पडदा सुटलाय, मोठ्या नंबरवाल्यांना हा धोका असतोच. चमकायला लागल्याबरोबर आणलं असतं तर पडदा सुटण्याआधीच काही करता आलं असतं. कधीपासून चमकत होतं, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, "ध्यानात नाय."

ऑपरेशन झालं, पडदा टिकला नाही. डाव्या डोळ्याचाही विरत चाललाय, असं सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

नव्या चष्म्याच्या चिठ्ठीवर उजव्या डोळ्यापुढे नंबर नव्हता, ‘बॅलन्स’ असं लिहिलं होतं. ज्या डोळ्याला दिसणार नाही त्याच्यापुढे दुसऱ्याच्या जोडीची काच बसवायची, वजन आणि रूप सारखं राहावं म्हणून. असे चष्मे मी आजवर कितीतरी केले असतील, हात कधी थांबला नव्हता. ताईसाठी दोन्ही काचा त्याच वरच्या इंडेक्सच्या घेतल्या, दोन्हींच्या कडा सारख्या पातळ केल्या. आंधळ्या डोळ्यापुढची काच मी कितीतरी वेळ पुसत बसलो होतो.

परवा दुपारी ती चष्मा न्यायला आली. विहारात आता शेजारची सून वाचते, बरं वाचते, असं म्हणाली. चष्मा घालून तिनं वाचायचा तक्ता डाव्या डोळ्याजवळ धरला, दोन ओळी वाचल्या आणि तक्ता खाली ठेवला.

"कालपासून ह्या डोळ्यात बी चमकतंय."

नवा चष्मा नाकावर येऊन तिला दोन मिनिटंही झाली नव्हती. हे तिलाही कळत होतं. माझा चेहरा बघून तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"काचेचंच आसंल," ती म्हणाली. "व्हय ना रं?"

मी "व्हय" म्हणालो आणि तिला दवाखान्यात न्यायला दुकानाचं शटर ओढलं.