मोरितासानांनी मागितलेली माफी

शुभदा पुण्याहून जपानमधल्या इचिकावाला आली त्याला बावीस वर्षं झाली. तिथल्या एका लहान प्रयोगशाळेत ती औषधं मोजते. गोळीचं द्रावण असो की रक्तातून वेगळं केलेलं पातळ सीरम, त्यात पेन्सिलीएवढा कार्बनचा इलेक्ट्रोड बुडवायचा, विजेचा दाब हळूहळू वाढवायचा आणि प्रवाह किती उसळतो ते पाहायचं. औषध जास्त, तर उसळी मोठी. पण सीरममधली प्रथिनं इलेक्ट्रोडला चिकटतात आणि उसळी दबते, म्हणून दर नमुन्यानंतर तो बारीक भुकटीवर घासून लख्ख करावा लागतो. हे तिनेच इतरांना शिकवलं होतं.

त्या मार्चमध्ये एका वेदनाशामक गोळीची चाचणी चालू होती. बारा वयस्कर स्वयंसेवकांनी गोळी घेऊन रक्त दिलं होतं. शुभदाला मुलीच्या शाळेतल्या समारंभाला पोचायचं होतं. शेवटच्या सातजणांचे नमुने तिने इलेक्ट्रोड नुसता पाण्याने धुऊन मोजले. आकडे फारच कमी आले.

"सीरम वेगळं करताना काही चुकलं असेल का?" मीटिंगमध्ये ती म्हणाली.

ते काम निवृत्तीला आलेले सहकारी मोरिता यांचं; सगळे त्यांना आदराने मोरितासान म्हणत. त्यांनी वाद घातला नाही. "चूक माझीच असणार," म्हणत मान झुकवली. सातही जणांच्या घरी जाऊन त्यांनी माफी मागितली. त्या सातजणांना पुन्हा गोळी, पुन्हा सुई.

पुढच्या आठवड्यात शुभदाने फ्रीझरमधलं उरलेलं जुनं सीरम घासलेल्या इलेक्ट्रोडने मोजून पाहिलं. उसळी पूर्ण आली. म्हणजे सीरम ठीक होतं, चूक तिचीच. तरी ती चार दिवस गप्प राहिली.

पाचव्या दिवशी ती गेली ती होशिनोबाईंकडे, त्या सातांतल्या सर्वांत थोरल्या. त्यांच्या कोपरापाशी सुईचा पिवळट डाग अजून होता. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "माफी मागायला आलेल्या त्या गृहस्थांना हे माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी इथे का आलात?"

शुभदा उठली. ती तशीच प्रयोगशाळेत परतली आणि मोरितासानांना सगळं सांगितलं.

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला वाटलं, माझे हात आता भरवशाचे राहिले नाहीत. मी राजीनामा दिलाय, शुभदासान."

त्याच दुपारी तिने सर्वांसमोर चूक कबूल केली. राजीनामा मागे घेतला गेला, मोरितासान निवृत्तीपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत राहिले. निरोपाच्या दिवशी त्यांना फुलं द्यायला तिलाच सांगितलं होतं. तिला ते जमलं नाही. गुच्छ दुसऱ्याच्या हाती देऊन ती मागच्या रांगेत उभी राहिली.