सरकी लावायची मशीन

आमच्याकडे सरकी लावणं म्हणजे बायकांचं काम. पुरुषांनी वावर तयार करून द्यायचं आणि आम्ही ओटीत बी घेऊन दिवसभर वाकायचं. बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत भोक, त्यात दोन दाणे, वर माती. वीस वर्षं मी हेच केलं. पण ढकलायची मशीन आली, तर ती दाखवायला बोलावलं कोणाला? पुरुषांना! माझा नवरा जैनथच्या शेतकी केंद्रात जाऊन शिकून आला आणि मशीन ऑटोच्या टपावर बांधून घरी घेऊन आला.

मी तर बघूनच हरखले. एक चाक, चाकाला बी मातीत टोचणाऱ्या लोखंडी चोची, बियांचा डबा आणि धरायला उंच मूठ. म्हणजे उभ्यानं सरकी लावायची! मी म्हटलं, मला धरू द्या. तर म्हणे, हे बायकांचं काम नाही. घ्या! चाक लागल्याबरोबर काम पुरुषांचं झालं.

सकाळी यांनी डबा गच्च भरला आणि ऐटीत सहा ओळी चालून आले. मी मागून माती उकरून पाहिली. दाणा नाही. पुढे उकरलं, तिथंही नाही. चोचींमध्ये ओली काळी माती घट्ट बसली होती आणि बी डब्यातच होतं. यांनी सगळा दोष मशीनवर टाकला. सासरे बांधावर उभे होते. ते म्हणाले, उद्याच परत करून ये, बायका लावतील हातानं.

पाच एकर, आणि पुन्हा तेच वाकणं! सासऱ्यांसमोर मी सहसा बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले.

"मामाजी, आजचा दिवस मशीन माह्याजवळ राहू द्या."

ते पाठ फिरवून घराकडे निघाले. मी ते होच समजले.

जावेला हाताशी घेतलं. कडुनिंबाच्या काडीनं एकेक चोच साफ केली. ओली माती बोटाला चिकटते तोवर आम्ही बी लावतच नाही, हे कोणत्याही बाईला विचारा. दुपारपर्यंत थांबलो. मूठभर माती दाबली, ती हातात मोकळी झाली, तेव्हा ढकलायला हलकं जावं म्हणून डबा अर्धा रिकामा केला आणि निघाले. टक, टक, टक! जाऊ मागून उकरत ओरडली, "दोन दाणे हायेत! इथंबी दोन!" मला इतका आनंद झाला की ओळ संपली तरी मी ढकलतच राहिले, पार बांधावर चढले. ताठ मानेनं सरकी लावत होते मी! संध्याकाळपर्यंत एक एकर झालं, आणि कंबर दुखली नाही.

आठवड्यात अंकुर वर आले. त्या सहा ओळी तेवढ्या कोऱ्या. सासरे शेजाऱ्याला हौसेनं वावर दाखवत होते, मशीन लय चांगली निघाली म्हणत होते. मला राहवलं नाही.

"मामाजी, त्या सहा ओळीबी ह्याच मशीनच्या हायेत."

नवरा दुसरीकडे पाहू लागला. मलाच वाटलं, जास्त बोलले की काय. तेवढ्यात शेजाऱ्यानं दोन दिवसांसाठी मशीन मागितली.

सासरे म्हणाले, "नुसती मशीन नेऊन काय करतं? सुनेले इचार, येते का."