पाच डबे आणि खिसाभर चिंचोके

गंगारामकाका गाडीचं बॉनेट आधी कधीच उघडत नसत. आधी ते ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसत, मांडीवर एक फळी घेत, फळीवर ठोकलेले पाच पत्र्याचे डबे सारखे करत आणि शर्टाच्या खिशात मूठभर चिंचोके भरून म्हणत, "चल, तुजा रोजचा रस्ता दाखव." तुम्ही पहिला गिअर टाकलात की पहिल्या डब्यात एक चिंचोका. दुसरा टाकलात की दुसऱ्या डब्यात. असा अख्खा दिवस. तोवर गिअरबॉक्सबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

मी त्यांच्या पालीच्या गॅरेजात पहिल्यांदा गेले ती हातात कागद घेऊन. मी पालीच्या शाळेत गणित शिकवते, रोज रत्नागिरीहून गाडीनं जाते. दर थंडीत गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या सरळ रस्त्यावर, रीतसर परवानगी काढून चारशे मीटरची शर्यत होते. एका वेळी दोन गाड्या, सुटायचं आणि पळायचं. सहा वर्षं मी ती कठड्याबाहेरून बघितली आणि सहाही वर्षं घरी येऊन चिडचिड केली. मलाही पळायचं होतं. पण गाडी एकच, दहा वर्षांची. तीच शाळेत न्यायची, तीच शर्यतीत.

शहरातल्या जाणकारांनी मला वेड्यात काढलं. सगळ्यात पुढे नंदूशेट. त्यांचं मोठं गॅरेज, स्वतः शर्यतीत पळणारे. म्हणाले, मॅडम, रोजच्याला ऑटोमॅटिक घ्या, डावा पाय सुखात राहील, आणि शर्यत मोबाईलवर बघा. मी कागद पुढे केला. त्यावर मी नेटवरून शोधलेला सहा गिअरांचा शर्यतीचा गिअरबॉक्स होता. ते हसले. त्या हसण्यानंच मला पालीला नेलं, खोटं कशाला बोलू!

काकांनी कागद बघितलाही नाही. "बाय, गाडी कागदावर चालत नाय. रोज कोन बसतं तुज्या गाडीत? त्यांना पन घेऊन ये." दुसऱ्या दिवशी मागे दोन सहशिक्षिका, डिकीत वह्यांचे गठ्ठे, शेजारी काका आणि डबे. मारुती मंदिरची गर्दी, हातखंब्याचा चढ, पालीचा बाजार. माझ्या मैत्रिणी पदराआड हसत होत्या. संध्याकाळी काकांनी डबे गॅरेजच्या बाकावर मांडले. दुसरा आणि तिसरा काठोकाठ. पाचव्यात मोजून पाच चिंचोके.

"ह्या पाचांसाठी लोक सहावा मागतात! तुजा जीव दुसऱ्या-तिसऱ्यात हाय. शर्यत पन तितंच व्हते."

मग त्यांनी निकाल दिला. जुना पाच गिअरांचाच गिअरबॉक्स ठेवायचा. फक्त चाकांना जोर देणारी शेवटची दातेरी चक्रांची जोडी बदलायची, म्हणजे प्रत्येक गिअर जास्त ओढेल. हायवेला इंजिन थोडं ओरडेल, ओरडू दे. आतल्या पितळी रिंगा नव्या घालायच्या, कारण गिअर रोज लोण्यासारखा पडला पाहिजे. क्लचप्लेट थोडी कडक, पण शर्यतीवाली नाही. ती घातली तर मारुती मंदिरच्या सिग्नलला तुझा गुडघा मला शिव्या देईल, म्हणाले. काम त्यांनी आणि त्यांच्या मुलीनं, वैशालीनं, मिळून केलं.

चिंचोक्यांची गोष्ट मला वैशालीनंच सांगितली. काका विशीत शहरातल्या एका गॅरेजात कामाला होते. हे बौद्धवाडीतले, म्हणून मालक त्यांना पार्ट धुवायला देई, पण गिऱ्हाइकाच्या गाडीत बसू देत नसे. मग काका सुट्टीच्या दिवशी हातखंब्याच्या चढाला बांधावर बसत आणि जाणाऱ्या ट्रकांचे गिअर कानानं ओळखून चिंचोके मांडत. मी हे काकांपाशी काढलं तर म्हणाले, "बसू दिलं नाय. पन आयकू नको, असं कोन म्हनला व्हता?" तो मालक म्हणजे नंदूशेटचे वडील. हे कळल्यावर मला इतका राग आला की त्या रात्री जेवण गेलं नाही.

शर्यतीच्या दिवशी आयोजकांनी मला महिलांच्या प्रदर्शनीय फेरीत घातलं होतं. मी नाव खोडायला लावलं आणि खुल्या गटात लिहायला लावलं. काकांना माझ्या शेजारी बसायचं होतं, पण नियमानं गाडीत दुसरा माणूस चालत नाही. नियम बरोबरच होता. ते कठड्याला टेकून डोळे मिटून उभे राहिले.

पहिली फेरी नंदूशेटशी. ते सुटले पुढे. पण त्यांच्या मुंबईहून आणलेल्या गिअरबॉक्सला तिसरा गिअर सापडेना, नुसता करकरला. माझा पडला, रोज हातखंब्याच्या चढाला पडतो तसा. मी जिंकले. शेवटच्या फेरीत मात्र चिपळूणच्या एकानं मला गाडीभर अंतरानं हरवलं.

काका डोळे उघडून म्हणाले, "तिसरा उशिरा टाकलास. भ्यायलीस?"

"भ्याले."

"मग फुडल्या वर्षी न भिता ये." एवढंच. सोमवारी त्याच गाडीनं, त्याच वह्या घेऊन मी शाळेत गेले.

पुढची थंडी काकांनी बघितली नाही. भाद्रपदात गेले, चार दिवसांच्या तापानं. मी त्या वर्षी पळाले, तिसरा वेळेवर टाकला आणि जिंकले. कठड्याशी वैशाली डोळे मिटून उभी होती. मला तेव्हा जे रडू आलं ते जिंकल्याचं नव्हतं.

गॅरेज आता वैशाली चालवत होती. आठवड्यानं मी तिथे असताना नंदूशेट आले. गाडी रोजही वापरायची आहे, पळवायचीही आहे, दोन्हीला चालेल असा गिअरबॉक्स सांग, म्हणाले आणि बॉनेट उघडायला वाकले. वैशालीनं थांबवलं. आतून फळी आणली, खिशात चिंचोके भरले आणि त्यांच्या गाडीच्या डाव्या दाराशी जाऊन उभी राहिली. हात दाराला लावला नाही.

नंदूशेटनी तिच्याकडे बघितलं, डब्यांकडे बघितलं. मग पुढे होऊन स्वतः दार उघडलं.

वैशाली बसली, डबे सारखे केले.

"चला," ती म्हणाली, "तुमचा रोजचा रस्ता दाखवा."