पोळ्याच्या गावात मिनेझावा घराणे

जऊळक्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्या काखेत जपानातले एक अख्खे घराणे होते. मिनेझावा हे तिकडचे सामुराई (वंशपरंपरागत लढवय्ये) घराणे. त्यातल्या नामवंतांची चित्रे गावोगाव दाखवून व्याख्यान द्यायचे, हा माझा छंद. खरे सांगायचे तर ही मंडळी मलाच नीट ओळखू येत नसत. एकेकाने आयुष्यात तीन-तीन नावे बदललेली! मागे चिकटवलेल्या चिठ्ठ्या होत्या म्हणून माझे निभत होते.

शिरपूरच्या पाटलांनी रेंगी (छोटी बैलगाडी) पाठवली होती. हाकायला त्यांचा जावई महादेव. पाटलांना एकच मुलगी, म्हणून हा सासरीच राहून शेती बघे.

"उद्याचा पोळा झाला का बायकोले घेऊन माह्या गावाले चाललो, किन्हीराजाले," तो आपण होऊनच म्हणाला. "वापस येत नाई."

"का हो?"

"पोळ्यात म्होरं चालनारी मानाची जोडी सासऱ्याची. त्याईचे गुडघे गेले. पन कासरा घरजावयाच्या हाती देऊ नका म्हन्ते भावकी. सालभर बैलं कोन राखते मंग?"

तेवढ्यात चाक रुतले, रेंगी कलंडली आणि मिनेझावा घराणे चिखलपाण्यात पडले. चित्रे वाचली, चिठ्ठ्या मात्र धुऊन गेल्या.

शिरपुरात जैन मंदिरावरून पुढे पाटलांचे घर. भाकरीबरोबरच्या ठेच्याने डोळ्यांत पाणी आणले. दुपारी अंगणात बैलांची खांदमळणी (खांद्यांना हळद-लोणी चोळणे) चालली होती आणि ओसरीवर मी अंदाजाने बाप-लेक लावत होतो.

"मास्तर, हा पोरगा बापाहून म्हतारा दिसून राह्यला!" पाटलांचा चुलतभाऊ ओरडला. ओसरी हसून लोळली. मी घाईने दोन चित्रांची अदलाबदल केली.

पाटलांनी एका चित्रावर बोट ठेवले. "हा कोन? याचं नाक घरात कोनाचंच नाई."

तेवढा एकच मला ओळखू आला. "हा जावई. तिकडे मुलगा नसला की जावयालाच दत्तक घेतात. तो सासऱ्याचे आडनाव लावतो, गादी चालवतो. या घराण्यात सगळ्यांत नावाजलेला हाच."

महादेव मान खाली घालून बैलाचा खांदा चोळतच राहिला. आपण भले बोललो की घोटाळा केला, मला कळेना.

"त्यायच्या भावकीनं आयकलं कसं?" पाटलांनी विचारले.

"पुस्तकात दिलेले नाही."

दुसऱ्या दिवशी वेशीवरच्या तोरणाखाली पाटील काठी टेकत उभे होते. चुलतभावाने कासऱ्यासाठी हात पुढे केला.

"महादेवा, धर," पाटील म्हणाले.

"दादा, भावकीले इचारलं काय?" चुलतभाऊ म्हणाला.

"नाई इचारलं. त्या जपानवाल्या सासऱ्यानंबी इचारलं नसन."

महादेवने धोतराला हात पुसले आणि कासरा घेतला. मानाची जोडी निघाली. मागच्या जोड्या जागच्या हलेनात. मग एक जोडी निघाली, तिच्यामागे दुसरी. लोकांना पटले की बैलच कंटाळले, देव जाणे.

परतताना रेंगीवर महादेवच होता. मी भीतभीत विचारले, "किन्हीराजाला कधी?"

"दिवाळीले जाऊ," तो म्हणाला. "पाहुने म्हनून."

आगगाडीत चित्रे लावायला बसलो. कोण बाप, कोण लेक, काही उमगेना. जावयाचे चित्र तेवढे हाती आले. मग त्याच्या सासऱ्याचे शोधू लागलो. इतकी व्याख्याने दिली, पण त्या म्हाताऱ्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नव्हता.