थोरलीची खुर्ची

फोटो स्टुडिओतल्या त्या खुर्चीची गादी फाटली होती, एक हात डुगडुगत होता, पण थोरलीने ती कधी बदलू दिली नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा दुकानात कॉम्प्युटर नुकताच आला होता आणि घरातलं कुणी त्याला हात लावायला धजत नव्हतं. नवरा फोटो काढायचा, सासूबाई गल्ल्यावर बसायच्या. थोरली मात्र चुकतमाकत, एकेक बटण दाबून बघत, आपली आपणच शिकली. तिने लोकांच्या गालांवरचे फोड पुसले, मिटलेले डोळे उघडले, फाटक्या फोटोतल्या कुणाच्या आजोबांना नवा कान बसवून दिला. "आमची थोरली आहे म्हणून दुकान आहे," असं सासूबाई गिऱ्हाइकांना सांगायच्या. तेव्हा ती मान वर करायची नाही, पण ऐकायची सगळं.

मग दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली. कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण घेतलेली, हसतमुख, आणि वर सकाळी लवकर उठणारी. राग धरायला जागाच ठेवायची नाही.

"जाऊबाई, कॉम्प्युटरमधली ही सिस्टीम फार जुनी झाली हो. नवी टाकू या?"

"चाललंय की," थोरली म्हणाली.

"टाक," गल्ल्यावरून सासूबाई म्हणाल्या.

त्या एका शब्दाने थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना. नवी सिस्टीम देखणी होती, चटकन चालू व्हायची, पण थोरलीची पडद्यावरची सगळी बटणं जागा सोडून गेली होती. ती शोधत बसली की धाकटी मागून वाकून "इथे बघा" म्हणायची आणि तिची वेणी थोरलीच्या खांद्यावर पडायची. तेवढ्यानेही थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि मग कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. सकाळी चालू केला की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची: हार्ड डिस्कमध्ये चुका आहेत, तपासणी सुरू आहे. एकदा नाही, रोज. त्या डिस्कवर दुकानाने आजवर काढलेले सगळे फोटो होते. एका सकाळी तर शाळेच्या एका अख्ख्या वर्गाचे फोटो उघडेचनात. तासाभराच्या तपासणीनंतर ते परत दिसले, तोवर सगळ्यांचा जीव टांगणीला. थोरलीचाही. पण खोटं कशाला बोला, त्या भीतीखाली कुठेतरी तिला गुदगुल्याही होत होत्या.

"माझ्या जुन्या सिस्टीमला कधी साधी सर्दी झाली नव्हती," ती भिंतीकडे बघत म्हणाली. भिंतीपलीकडे धाकटी होती.

सासूबाईंनी निकाल दिला. "नव्या सिस्टीममुळे होत असेल तर काढा ती. जुनी टाका. थोरली तिच्या खुर्चीवर आणि धाकटी इथे गल्ल्यावर, माझ्याजवळ."

धाकटीने आधी सगळे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. मग डिस्क तपासली. ती ठणठणीत निघाली. कॉम्प्युटरच्या डब्यातली वायर बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच पांढरी अक्षरं. थोरलीने त्या दिवशी चहात साखर जरा जास्तच घातली.

दुकान बंद करायचं काम पहिल्यापासून थोरलीचं. सासरे असताना एकदा बटण चालू राहून वायर जळली होती. तेव्हापासून तिचा शिरस्ताच होता, कॉम्प्युटर बंद करायचा, पडदा काळा झाला रे झाला की भिंतीवरची सगळी बटणं टपाटप खाली. घरात या सवयीचं कोण कौतुक.

त्या आठवड्यात तिची दाढ ठणकली आणि ती काढून घ्यायला थोरली दुपारीच निघून गेली. दुकान धाकटीने बंद केलं. दुसऱ्या दिवशी गाल सुजलेला घेऊन दुकानात आली, तर कॉम्प्युटर शहाण्यासारखा चालू झालेला. एक पांढरं अक्षर नाही.

"काय केलंस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई," धाकटी म्हणाली.

म्हणजे आता यंत्रही हिचंच, थोरलीला वाटलं. आपण एक दिवस नव्हतो, तर लगेच सुधारलं.

संध्याकाळी धाकटी म्हणाली, "आज मी बंद करते. तुम्ही गाल शेका." थोरली फोटोंच्या पाठीमागचे कापडी पडदे घडी करायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळली. धाकटीने कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला. पण ती उठेना. हात मांडीवर ठेवून टेबलाखालच्या डब्याकडे बघत बसली. डब्यावर एक इवलासा दिवा अजून लुकलुकत होता. तो विझल्यावरच तिने भिंतीवरची बटणं खाली केली.

थोरलीच्या हातातला पडदा तसाच राहिला. जुन्या सिस्टीमवर कॉम्प्युटरचा पडदा सगळं आवरून झाल्यावर काळा व्हायचा. नवीवर तो आधीच होत होता, आणि आत डिस्कचं लिहिणं चालूच. जेवणाऱ्याच्या पुढून रोज ताट ओढून घ्यावं, तसं आपण करत होतो.

"तुला कधी कळलं?"

"आज सकाळी," धाकटी हळूच म्हणाली. "काल तुम्ही नव्हतात तेव्हाच फक्त नीट झालं ना."

"मग आईंना का नाही सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं, जाऊबाई. रोज मीच बंद केलं असतं. झालं."

हे ऐकून थोरलीला बरं वाटायला हवं होतं. उलट आत काहीतरी करपलं. शिक्षण हिचं, सासू हिची, आणि आता चांगुलपणाही हिचाच? हे उपकार डोक्यावर घेऊन आयुष्यभर हिच्याशेजारी बसायचं? ती तशीच सुजल्या तोंडाने गल्ल्यापाशी गेली.

"आई, नव्या सिस्टीमचा दोष नाही. मी बटणं लवकर खाली करत होते, म्हणून डिस्कमध्ये चुका होत होत्या."

सासूबाईंनी चष्म्यावरून आधी थोरलीकडे, मग धाकटीकडे बघितलं. "बरं झालं कळलं ते. मग खुर्ची धाकटीची. बटणं तुझी."

दुसऱ्या संध्याकाळी धाकटी त्या फाटक्या खुर्चीतून उठली आणि पिशवी घेऊन दारात थांबली. थोरली भिंतीपाशी बटणावर बोट ठेवून उभी होती, नजर डब्यावर. दिवा लुकलुकतच होता. काल धाकटीसाठी तो लवकर विझला होता, असं तिला वाटलं.