मामांचा खोकला

आमच्या शाळेच्या रसायनशास्त्राच्या लॅबमधून अठ्ठावीस वर्षांत दोनच गोष्टी हलल्या नव्हत्या. एक कोपऱ्यातलं गळकं सिंक आणि दुसरे मामा. तिथे शिकवणारी मी, म्हणजे माझंही नाव खरं तर घ्यायला हवं. पण मला मध्ये दोनदा बाळंतपणाची रजा मिळाली होती.

मामा म्हणजे लॅबचे परिचर. परीक्षानळ्या धुणं, बर्नर पेटवून देणं, बरण्या पुसणं ही त्यांची कामं. सगळी शाळा त्यांना मामाच म्हणते, अगदी हेडसरसुद्धा. स्वतः दहावीला विज्ञानातच आपटलेले, पण नाक असं की बरणी हुंगून आत काय आहे ते सांगणार. ॲसिडच्या वाफांनी आमच्या निम्म्या बरण्यांची लेबलं खाऊन टाकली होती. नवी चिकटवा म्हणून मी घसा फोडून सांगायचे. "बाई, लेबल कशाला? मी आहे ना," असं म्हणून ते आपल्या नाकावर बोट ठेवायचे.

आता खोकल्याचं सांगते. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत प्रत्येकाला एक पुडी मिळते. आत पांढरी पूड. ती कसली आहे ते प्रयोग करून ओळखायचं. एखादं पोर अगदीच रडकुंडीला आलं की मामा फडकं घेऊन त्याचं टेबल पुसायला जायचे आणि खोकायचे. एक खोकला म्हणजे क्लोराइड, दोन म्हणजे सल्फेट, नुसता घसा खाकरला तर कार्बोनेट. मला माहीत होतं का? अहो, मी काय बहिरी आहे? पण त्या पोरांना पुढे कुठे रसायनशास्त्र करायचं होतं! एकाने फोटो स्टुडिओ काढला, एक बस चालवतो. मी आपली खिडकीबाहेर बघत बसायचे.

मग चार वर्षांपूर्वी हेडसरांच्या डोक्यात ऑनर्सचं खूळ शिरलं. अकरावी-बारावीची निवडक बारा मुलं, त्यांना वेगळी खोली, वेगळा अभ्यासक्रम, प्रत्येकाचं स्वतःचं संशोधन आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकासमोर प्रॅक्टिकल. पास झालं की चांगल्या विद्यापीठात थेट प्रवेश. नापास झालं की संपलं, पुन्हा संधी नाही. दुसऱ्या वर्षी चाळणी परीक्षेला दोनशे मुलं बसली आणि निवडलेल्या बारांत एक मामांची मुलगी निघाली.

मामांनी सगळ्या शाळेला सांगितलं, "पोरगी हॉर्नमध्ये लागली!"

"मामा, हॉर्न नाही हो, ऑनर्स," मी दहा वेळा सुधारलं.

"तेच ते बाई. वाजलं म्हणजे झालं."

मुलगी बापासारखीच बुटकी आणि नाकही तेच, पण जीभ मात्र आईकडून आली असणार. पहिल्याच पालकसभेत एका मुलाची आई, आम्ही तिला डॉक्टरीणबाई म्हणतो, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "हिला काय, लॅब म्हणजे घरचंच दुकान." मामांना ते कळलंच नाही, ते आपले हसले. मुलीला बरोब्बर कळलं. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर बापाला दोन अटी घातल्या. शाळेत ती त्यांना इतरांसारखं मामाच म्हणणार, आणि तिच्या परीक्षेत त्यांनी खोकायचं नाही. कुणासाठीच नाही. एकदासुद्धा नाही.

पुढे दोन वर्षं हे नाटक चाललं. ती "मामा, जरा स्पिरिट देता का?" म्हणायची आणि हा सख्खा बाप "घ्या ताई" म्हणून बाटली पुढे करायचा. मला हसू यायचं, आणि दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालावासाही वाटायचा.

परीक्षेच्या आठवड्यात मामांना सर्दी झाली. खरीखुरी. नाक चोंदलेलं, आवाज फाटलेला, डोळे लाल. मी म्हटलं, रजा घ्या. तर म्हणतात, "पोरीची परीक्षा आणि मी घरी? भलतंच काय बाई!" सकाळी माझ्या यादीप्रमाणे बाराही पुड्या त्यांनीच भरल्या आणि नंबर टाकले. मी तपासायला हवं होतं. पण अठ्ठावीस वर्षांत कधी तपासलं नव्हतं, त्या दिवशी तरी कशाला तपासते?

परीक्षक एकदम काटेकोर गृहस्थ. पेन स्वतःचं, पाणी स्वतःचं, आमच्या चहाकडे बघायलाही तयार नाहीत. मुलांनी चिठ्ठ्या उचलल्या. मामांच्या मुलीला नऊ नंबरची पुडी आली. मामा दाराशी उभे, गालात खोकल्याची गोळी, तोंडावर रुमाल. पहिला अर्धा तास चेहरा लाल, मग जांभळा. मधेच ते सिंककडे तोंड करून थरथरायला लागले. मला वाटलं, आता हा माणूस इथेच फुटतो.

आणि फुटलाच. खोकल्याची अशी उबळ आली की स्टँडमधल्या नळ्या किणकिणल्या. झालं! अकरा माना वर. वरच्या वर्गातल्या मुलांनी या ऑनर्सवाल्यांना खोकल्याची लिपी आधीच शिकवून ठेवली होती. अकराजण बोटांवर मोजायला लागले. डॉक्टरीणबाईंच्या चिरंजीवांनी तर कच्च्या कागदावर चक्क सोळा रेघा मारल्या. सोळा खोकल्यांचं सॉल्ट अजून कुणाला सापडलेलं नाही. बारावी मान तेवढी खाली होती. पण तिचे कान लालबुंद झालेले मला दिसले.

दुपारी परीक्षक एकेकाला पुढे बोलावून उत्तर यादीशी ताडून बघू लागले. नऊ नंबर आला.

"तुमचं उत्तर कॅल्शियम कार्बोनेट. यादीत आहे अमोनियम कार्बोनेट. चूक."

"सर, ज्योत विटकरी लाल आली होती. मी तीनदा बघितली," ती म्हणाली.

"म्हणजे पुडी भरणारा चुकला, असं म्हणायचंय तुम्हाला?" त्यांनी पेनचं टोपण काढलं. "तसं असेल तर मला अहवालात लिहावं लागेल. कोणी भरली पुडी?"

लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं कोणी भरली ते. आणि हेडसर मामांना लॅबमधून काढून गेटवर बसवायला टपले होते, हेही ठाऊक होतं. पोरीने बापाकडे बघितलं. दोन वर्षं राबली होती हो ती! सुट्टीतसुद्धा लॅबमध्ये बसलेली असायची. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं, माझी मलाच लाज वाटते.

"राहू दे सर," ती हळूच म्हणाली. "माझंच चुकलं असेल."

"काय चुकलं असेल?" दारातून घोगरा आवाज आला. मामा रुमाल खिशात कोंबत पुढे आले. "बाई, ती पुडी जरा हुंगा."

मी हुंगली. कसलाच वास नव्हता. अमोनियम कार्बोनेट असतं तर नाकात झणझणून डोळ्यांत पाणी आलं असतं. मी पुडी परीक्षकांच्या नाकाखाली धरली. त्यांच्याही डोळ्यांत काही येईना.

"दोन्ही बरण्या शेजारी-शेजारी, दोन्हीची लेबलं गेलेली," मामा म्हणाले. "मी वासावर ओळखतो साहेब, आणि नाक चार दिवस बंद आहे. चूक माझी. लिहा तुम्ही."

"बाबा, तू गप्प बस ना!" पोरगी एकदम किंचाळली.

परीक्षकांनी चष्मा काढला. "हे तुमचे वडील?"

"हो," ती म्हणाली, आणि तिथेच, बर्नरसमोर उभी राहून हमसून हमसून रडायला लागली. मामांनी तिला जवळ घेतलं आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं खोकून घेतलं. यावेळी कुणी मोजलं नाही. माझेही डोळे वाहत होते, आणि मी ते खुशाल अमोनियावर ढकललं.

परीक्षकांनी स्वतः बर्नर पेटवला, ज्योत बघितली आणि अहवाल लिहिला. मुलगी पास झाली, विद्यापीठात गेली. हेडसरांनी महिन्याभरात मामांना गेटवर बसवलं. बरण्यांची लेबलं आता मी चिकटवते.

मामांनी त्या अहवालाची झेरॉक्स माझ्याकडून मागून घेतली होती. ती घडी घालून शर्टाच्या खिशात असते. परवा डॉक्टरीणबाई धाकट्या मुलाच्या प्रवेशासाठी आल्या, तर मामांनी त्यांना गेटवरच अडवलं आणि कागद पुढे केला.

"वाचा ना. मोठ्यांदा वाचा."

डॉक्टरीणबाईंनी वाचलं, "पुडी भरताना परिचराची चूक. विद्यार्थिनीचे उत्तर अचूक."

"परिचर म्हणजे मी," मामा छाती काढून म्हणाले आणि त्यांनी गेट उघडलं.