वॉरंटच्या आधी पोचणारा फोन

१. कोर्टाने माझ्या मोठ्या बहिणीला आणि तिच्या चार वर्षांच्या मिनूला पोटगी मंजूर केली.
२. मिनूच्या वडिलांनी ती एकदाही भरली नाही.
३. वसुलीचं वॉरंट निघालं. पोलीस दोनदा त्यांच्या गावी गेले. दोन्ही वेळा शेरा... ‘मिळून आला नाही’.
४. मिनूला कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आहे, पण स्पीच थेरपी पैशांअभावी बंद पडली आहे. बोलायला शिकायचं वय मात्र निघून चाललंय.

ताईला विचारून लिहितेय. मुलीचं नाव बदललं आहे.

मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर. सिग्नल निघतो आणि पोचत नाही, तेव्हा मधली जोडणी तपासायची सवय... म्हणून परवा आम्ही तिघी नेर तालुक्यातल्या त्या गावी, पोलीस पाटलांकडे गेलो. ते मिनूच्या वडिलांचे सख्खे काका.

चहा झाला. पोलीस येणार हे मिनूच्या वडिलांना आधीच कसं कळतं, असं मी विचारलं.

“मीच सांगतो ना!” ते सहज म्हणाले. “ठाण्यातून मले फोन येते, मी घरी कळवतो. पोलीस एकदम दारात आला त बाईमाणसाची केवढी बेइज्जती! गावात सगळ्याईच्या घरी असंच करतो मी.”

यात लपवाछपवी नव्हती. त्यांच्या लेखी ती माणुसकी होती.

“अन् माह्या घरची बेइज्जती, मामाजी?” ताई चुलतसासऱ्यांना एवढंच बोलली.

ते मिनूकडे वळले. “काय व मिने, वळखलं का मले? आबा म्हण... आबा.”

मिनू त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिने नुसता ‘आ’ केला.

पाटील ताईकडे वळले. मग म्हणाले, “वणीले हाये तो. कोळशाच्या ट्रकवर, ठेकेदाराकडे. घरी राहतच नाही, त घरी कायले धाडता पोलीस?” त्यांनी ठेकेदाराचं नाव सांगितलं. “कोर्टात माहं नाव घेजो. मीच सांगतलं म्हणा.”

मी भांडायच्या तयारीने गेले होते. परत येताना नक्की कोणावर रागवावं, ते कळेना... कोर्टाने, ठाण्याने, पाटलांनी आपापल्या परीने काम केलंच होतं. मिनूपर्यंत मात्र काही आलं नाही.

सोमवारी तारीख आहे. पगारातूनच पोटगी कापून परस्पर जमा करावी, असा ठेकेदाराला आदेश मागणार आहोत. खासगी ठेकेदाराकडून अशी कपात तुमच्या माहितीत कोणाला प्रत्यक्ष मिळाली असेल, तर त्यासाठी काय करावं लागलं, ते कृपया गुरुवारपर्यंत मला मेसेज करून कळवा.